दाजींचं हेलिकॉप्टर आणि अरबी समुद्रातलं वादळ

निवृत्त डॉक्टरला लोक दुखणं विचारतात, निवृत्त वकिलाला बांधाची भांडणं. मला आभाळ विचारतात. कन्हेरीत आमच्या घरासमोरून जाणारा माणूस गाडी हळू करतो, हनुवटी वर उचलतो आणि म्हणतो, "काय म्हणतंय?" म्हणजे मी नव्हे, आभाळ. मी कसा आहे हे विचारायला अजून कुणी गाडी थांबवलेली नाही.

माझी सगळी नोकरी निरनिराळ्या विमानतळांवरच्या हवामान कार्यालयात गेली. आधी निरीक्षक, मग अंदाज लिहिणारा. आता आठवड्यातले काही दिवस बारामतीच्या धावपट्टीजवळ विमान शिकणाऱ्या मुलांना हवामानाचा विषय शिकवतो. या विद्येने मला पोटाला दिलं, पेन्शन दिली, आणि माझ्या दाजींचं माझ्याशी बोलणं बंद केलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मी पुण्याला शिकत होतो तेव्हा या माणसाने दर आठवड्याला एसटीच्या ड्रायव्हरकडे माझा डबा दिला, एकदाही चुकवला नाही. तो माणूस दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही आणि त्या दोन वर्षांत मला अक्काच्या घरचं पाणीही गोड लागलं नाही. कशामुळे, ते सांगतो. पण त्याआधी धंदा थोडा समजून घ्या, नाहीतर तुम्हीही दाजींचीच बाजू घ्याल.

लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे पाऊस पडणार की नाही ते सांगणं. वैमानिकाला पावसाचं काय? तो आत कोरडाच बसलेला असतो. त्याला हवं असतं ते असं: ढगांचा तळ किती उंचीवर आहे, किती लांबचं दिसतंय, वारा कुठून किती वाहतोय आणि हवेचा दाब किती. किती लांबचं दिसतंय हे ठरवायला ठरलेल्या खुणा असतात. बारामतीत मी मुलांना साखर कारखान्याचं धुराडं दाखवतो. धुराडं दिसलं तर इतकं अंतर दिसतंय, आणि धूर जिकडे झुकलाय त्यावरून वारा. गळीत हंगाम संपला की आमचं हे फुकटचं यंत्र बंद पडतं. सहकाराचा हवामानशास्त्राला झालेला हा उपयोग कुठल्याच वार्षिक अहवालात छापलेला नाही.

आता कमी दाब. एखाद्या ठिकाणी हवा तापते, हलकी होते, वर जाते. खाली जागा होते आणि आजूबाजूची हवा तिकडे धावते. लग्नात एक पंगत उठली की मोकळ्या पाटांकडे चहूकडून माणसं धावतात ना, तसंच. फक्त पृथ्वी फिरत असल्यामुळे हवेला सरळ धावता येत नाही, ती वळसा घेत घेत शिरते. समुद्रावर हेच जोरात झालं, खाली गरम पाणी मिळत गेलं, की त्याचं वादळ होतं. आपल्याकडे हा वळसा घड्याळाच्या उलट असतो. त्यामुळे एक सोपी युक्ती सापडते: वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि डावा हात बाजूला पसरायचा. कमी दाब त्या हाताच्या बाजूला. माझी भाची ऋतुजा पाच-सहा वर्षांची असताना मी तिला हे शिकवलं होतं. ती अंगणात पाठ करून उभी राहायची, डावा हात पसरायची आणि तिची आजी म्हणायची, पोरीला कुणाची तरी नजर लागली.

दाबाची आणखी एक गंमत आहे. विमानातलं उंची दाखवणारं यंत्र खरं तर उंची मोजतच नाही, हवेचा दाब मोजतं. वर जावं तसा दाब कमी होतो, एवढंच त्याला ठाऊक. त्यामुळे विमान कमी दाबाच्या प्रदेशात शिरलं की यंत्राला वाटतं आपण वर चढलो. असतं तिथल्या तिथेच, आणि काट्यावर विसंबून वैमानिक खाली उतरला की जमीन जवळ आलेली असते. म्हणून वैमानिक प्रत्येक ठिकाणचा दाब विचारून घेतो आणि काटा जुळवतो. नोकरीत असताना मला वाटायचं हा दोष फक्त यंत्रांना असतो. गावी राहायला आल्यावर कळलं की लग्नसराईत हा दोष सगळ्या तालुक्याला होतो.

आमच्या धंद्यातला खरा शब्द एकच, 'नाही'. 'हो' म्हटलं तर कुणाच्या लक्षातही राहत नाही. आणि आमचं 'नाही' कुणी सरळ ऐकून घेत नाही. मोठ्या विमानतळावर धुक्याच्या सकाळी विमान कंपन्यांची माणसं यायची आणि भाजीवालीशी करावी तशी घासाघीस करायची. "साहेब, अजून दोनशे मीटर वाढवा ना. आम्हाला तर तिकडची टाकी दिसतेय." मी म्हणायचो, टाकी गेल्या वर्षीच पाडली. तरी म्हणायची, "मग तिची जागा दिसतेय."

बारामतीतही तेच. एका मुलाचे वडील परराज्यातून आले होते. मुलगा पहिल्यांदा एकट्याने विमान उडवणार, ते गुरुपुष्यावरच व्हावं असा त्यांचा हट्ट. त्या दिवशी धावपट्टीला आडवा वारा सुटला होता. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "पण ग्रह चांगले आहेत." मी म्हटलं, ग्रह चांगलेच असणार, त्यांना इथे उतरायचं नाही. ते संतापले. माझ्या वरिष्ठांकडे गेले, त्यांच्याही वरिष्ठांकडे गेले, शेवटी नारळ घेऊन धावपट्टीच्या कुंपणापर्यंत गेले. वाऱ्याकडे मात्र गेले नाहीत, दोष सगळा त्याचा होता तरी.

या सगळ्याची मला सवय होती. घरच्या माणसाला 'नाही' म्हणायची नव्हती.

दाजी कोऱ्हाळे बुद्रुकचे. ऊस आहे, थोडं डाळिंब आहे, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. ऋतुजाचं लग्न शेळगावच्या मुलाशी ठरलं. मुलगा चांगला, बंगळुरूला नोकरीला. सगळं छान चाललं होतं, पण त्याच हंगामात दाजींचे चुलतभाऊ नाना यांनी आपल्या मुलाची वरात जेसीबीतून काढली. नवरदेव बादलीत उभा, बादली वर उचललेली, फेट्याला लायटिंग. त्या दिवसापासून दाजींची झोप उडाली. आठ दिवसांनी ते कन्हेरीला आले.

"पाव्हणं, ऋतूची पाठवणी हेलिकॉप्टरनं करायची."

"कोऱ्हाळ्याहून शेळगावला? अहो, एवढ्याशा वाटेला हेलिकॉप्टर? खाल्लेलं पचायच्या आत पोचतील."

"त्यांचं पचंल हो. बघणाऱ्यांचं पचता कामा न्हाय."

लग्न मे महिन्याच्या शेवटी होतं. दाजींनी बारामतीचा एक इव्हेंटवाला गाठला, त्याने हेलिकॉप्टरची कंपनी गाठली, परवानग्या आल्या. उसाचा खोडवा मोडलेल्या रानात रोलर फिरवून हेलिपॅड तयार झालं. कंपनीने सांगितल्याप्रमाणे चुन्याच्या फक्कीने त्यावर मोठा इंग्रजी एच काढला. दाजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यो एच कुणाचा? आपल्याकडं एच न्हाय अन् त्यांच्याकडं बी न्हाय." मी खुलासा केला. तरी त्यांनी शेजारी एक बदाम काढून घेतला आणि त्यात दोघांची नावं लिहून घेतली. उगाच हेलिकॉप्टरवाल्याचा घोळ व्हायला नको.

कंपनीची आणखी एक अट होती, वारा दाखवणारी कापडी पिशवी. उंच खांबावर ही पिशवी लावतात. वारा जिकडे जातो तिकडे तिचं शेपूट, आणि वैमानिक ते बघून उतरतो. इव्हेंटवाल्याने भगव्या सॅटिनची सुंदर पिशवी शिवून घेतली, जरीची किनार लावली. मी लग्नाच्या आदल्या दिवशी पाहायला गेलो तर सगळ्या रानात वारा दक्षिणेचा आणि पिशवी मात्र ताठ पूर्वेला, स्टेजकडे तोंड करून. जवळ जाऊन पाहिलं. तिचं शेपूट दुसऱ्या बांबूला तारेने बांधलेलं.

"ही बांधली कशाला?" मी विचारलं.

इव्हेंटवाला म्हणाला, "काका, ड्रोन शूटिंग हाय. सारखी हालली की फ्रेम खराब होती. आन् तिकडं वळली की पाव्हण्यांकडं पाठ दिसती."

सगळ्या नोकरीत मी असंख्य वाऱ्याच्या पिशव्या पाहिल्या. फाटक्या पाहिल्या, अडकलेल्या पाहिल्या, एकीत घारीने घरटं केलेलंही पाहिलं. पण पाहुण्यांचा मान राखणारी पिशवी तेवढी एकच. मी तार सोडली. संध्याकाळी परत बांधलेली होती.

तोवर अरबी समुद्रात व्हायचं ते झालं होतं. आधी नुसता कमी दाब होता, मग त्याचा जोर वाढला, आणि लग्न तोंडावर आलं तेव्हा त्याचं वादळ होऊन ते कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकत होतं. टीव्हीवर लाल भोवरा फिरत होता. मी दाजींना म्हटलं की संध्याकाळचं उड्डाण अवघड दिसतंय.

"वादळ गुजरातला निगालंय, टीव्हीवर सांगितलं," दाजी म्हणाले. "आन् कोऱ्हाळ्याला समुद्र कवा आला?"

मी त्यांना समजावलं. वादळ समुद्रात असलं तरी ते सगळीकडची दमट हवा ओढून घेतं, ती आपल्या डोक्यावरून जाते. खाली मेचं ऊन. दुपारनंतर त्या हवेचे डोंगराएवढे ढग उठतात. अशा ढगातून कधीकधी गार हवा एकदम खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. मोठं विमानही तिच्या वाटेला जात नाही, तुमचं तर चार माणसांचं हेलिकॉप्टर.

"मग सकाळी उडवा," मी म्हटलं. "सकाळी हवा शांत असते."

"सकाळी बघाया कोन असतंय? माणसं जेवनाला येत्यात."

"मग पाठवणी दुपारी दोनच्या आत."

"गुरुजींनी पाचची येळ काढलीया. त्याच येळेला ग्रह समदं बसलेलं हायेत."

गुरुजींचा मला हेवा वाटतो. त्यांचा अंदाज खरा ठरला की नाही हे तपासायला कुणी गच्चीवर जात नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टरच्या कॅप्टनचा फोन आला. माणूस मूळचा केरळचा, नौदलातून निवृत्त. त्यांनी अधिकृत अंदाज घेतलेला होताच, पण जागेवरचा डोळा हवा होता. हिंदीत म्हणाले, "काका, तुम्हाला काय दिसतंय ते सांगा." मी दिसत होतं ते सांगितलं. आत्ता स्वच्छ आहे, पण हवा सकाळपासून चिकट आहे, वारा दक्षिणेचा आहे आणि पश्चिमेला ढगांना आत्ताच डोकी फुटायला लागलीत. संध्याकाळी पाचची खात्री मागाल तर मी देणार नाही.

"बस, मग मी येत नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजावरून कळलं की त्यांचं आधीच ठरलेलं होतं. त्यांना फक्त सोबत हवी होती. हवामानवाल्याचा हा एक मोठा उपयोग आहे. निर्णय दुसऱ्याचा असतो, नाव आपलं लागतं. त्यांनी इव्हेंटवाल्याला कळवलं की मुलीच्या मामांनी नाही सांगितलं.

मी दाजींना गाठायला मांडवात पोचेपर्यंत माइकवरून पुकारा झाला. सूत्रसंचालकाचा आवाज घरंगळत आला, "वधूचे मामा, हवामान खात्याचे निवृत्त अधिकारी, यांनी वादळाचा इशारा दिल्यामुळे आजचं हेलिकॉप्टर रद्द करण्यात आलेलं आहे, मंडळींनी नोंद घ्यावी." मंडळींनी घेतली. सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. वर औषधालाही ढग नव्हता. पश्चिमेच्या ढगांची डोकीही कुणीतरी कापून नेल्यासारखी नाहीशी झाली होती.

दाजी माझ्यासमोर आले. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणं, तुमी माझं नाक कापलं." आणि निघून गेले.

मामा म्हणून मंगलाष्टकांना मी ऋतुजाच्या मागे उभा होतो. वारा पाठीवर येत होता, डावा हात पश्चिमेला. सगळं शास्त्राप्रमाणे होतं, फक्त आभाळ शास्त्राप्रमाणे वागत नव्हतं. जेवताना एकाने माझ्या डोक्यावर छत्री धरली. दुसरा म्हणाला, "मामा, रेनकोट आणलाय का?" सगळ्यात खूष नाना होते. ते मुद्दाम जवळ येऊन म्हणाले, "तुमचं बरुबर हाय बगा. जिवाशी खेळ नगं. जेसीबीला ह्यातलं काय लागत न्हाय." मी संध्याकाळपर्यंत मनात देवाकडे एक ढग मागत होतो. मोठा नको, गडगडणारा नको, नुसता दिसण्यापुरता. भाचीच्या लग्नात वादळ मागणारा मामा जगात मी एकटाच असेन.

पाच वाजता स्वच्छ उन्हात ऋतुजा मोटारीतून निघाली. रडून डोळे लाल झालेले. काच खाली करून मला म्हणाली, "मामा, मी सकाळी गच्चीवर वाऱ्याकडं पाठ करून उभी राहिले होते. डावीकडं होतं काहीतरी." गाडी गेली. मला फार भरून आलं. त्या अख्ख्या मांडवात माझ्या बाजूने एकच मत पडलं आणि ते सासरी गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढग आले. असे आले की अर्ध्या तासात दिवसा दिवे लावावे लागले. हेलिपॅडशेजारचा मांडव उडून पलीकडच्या उसात पडला, दोन खांब वाकले, फ्लेक्स तर सापडलेच नाहीत. जरीच्या किनारीची पिशवी तेवढी टिकली. ती त्या वादळातही स्टेजकडेच तोंड करून होती.

मला वाटलं, चला, आता तरी. मी दाजींकडे गेलो. ते पडवीत बसले होते. माझ्याकडे न पाहता अक्काला म्हणाले, "तुझ्या भावाला म्हणावं, वादळ आज आलं. म्हंजी काल उडता आलं असतं."

काल उडता आलं असतं, हे खरंच. विमानांच्या धंद्यात आम्ही 'होणार' असं सांगत नाही, 'होणार नाही याची खात्री देता येत नाही' असं सांगतो. हे वाक्य कागदावर बरं दिसतं, पण मुलीच्या बापाला पडवीत बसून ऐकवता येत नाही. मी घरी आलो.

त्यानंतर दोन वर्षं दाजी माझ्याशी बोलले नाहीत. पण आभाळाशिवाय शेतकऱ्याचं चालत नाही. डाळिंबावर औषध मारायचं झालं की अक्काचा फोन यायचा आणि मागून दाजींचा आवाज, "इचार, उद्या फवारू का?" अक्का विचारायची. मी सांगायचो. मागून पुन्हा, "वारा किती ऱ्हाईल इचार." मी अक्काला सांगायचो, तिने सांगायच्या आतच दाजी मजुरांना सांगायला सुरुवात करायचे. फोन स्पीकरवर असायचा. डाळिंबापुरता माझ्यावर विश्वास होता, अबोला फक्त हेलिकॉप्टरपुरता होता. पण कधी "पाव्हणं" अशी हाक आली नाही.

गेल्या दिवाळीआधी ऋतुजाला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण, माहेरी आणायचं ठरलं. बंगळुरूहून पुण्यापर्यंत विमान, पुढे मोटार. आणि नेमका त्याच आठवड्यात बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार झाला, वाढला आणि आंध्रच्या किनाऱ्याकडे सरकू लागला. टीव्हीवर परत लाल भोवरा.

सकाळी मोटारसायकलचा आवाज आला म्हणून बाहेर आलो, तर अंगणात दाजी. गाडी लावलेली, चेहरा ओढलेला. माझ्याशी न बोलता ते अंगणाच्या मधोमध गेले, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि डावा हात बाजूला पसरला. वारा उत्तरेचा होता. हात पूर्वेला.

"तिकडं हाय ना?" ते म्हणाले.

"तिकडंच."

"ऋतूनं फोनवर शिकवलं." हात खाली घेऊन ते ओट्यावर बसले. "पाव्हणं, उद्या लेक इमानात बसंल. पोटुशी हाय. बसू द्यायची का?"

मी त्यांना सांगायला लागलो. हे विमान मोठं असतं. ते वादळाच्या पुष्कळ अलीकडून येणार. वैमानिकासमोर रडार असतं, ढग दिसला की वळसा घालतो. पुण्यात हवा वाईट असली तर दुसरीकडे उतरतो. त्याच्यामागे मोठं कार्यालय असतं, माझ्यासारख्या पेन्शनराला तिथे कुणी विचारत नाही.

"त्ये समदं ऱ्हाऊ द्या. तुमी सांगा. व्हय का न्हाय?"

सगळं आयुष्य मी 'नाही' म्हणत आलो. 'नाही' म्हणायला सोपं असतं. लोक शिव्या देतात, पण सगळे जमिनीवर असतात. आता माझ्याकडे 'हो' मागितलं होतं आणि आत ऋतू बसणार होती. मी आत गेलो, नकाशे पाहिले, उपग्रहाची चित्रं पाहिली, नोकरीवर असलेल्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला. त्यानेही तेच सांगितलं, जे मला आधीच ठाऊक होतं. तरी नकाशे आणखी एकदा पाहिले, मग बाहेर आलो.

"बसू द्या," मी म्हटलं.

दाजी उठले, गाडीला किक मारली आणि गेले. चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून पुण्याच्या विमानतळावर गेलो. लोहगावच्या वर ढग गरजत होते, ऑक्टोबरात गरजतात तसे. फलकावर ऋतूच्या विमानापुढे आधी उशीर दिसला, मग काहीच दिसेना, मग विमान गोव्याकडे वळवल्याचं आलं. दाजींना इंग्रजी पाटी वाचता आली नाही, पण माझा चेहरा वाचता आला.

"काय झालं?"

"गोव्याला नेलं. इथला पाऊस थांबला की आणतील. हे चांगलं आहे दाजी, असंच करायचं असतं."

दाजी कठड्याला धरून उभे राहिले. मी त्यांना सांगत होतो की हे रोजचं आहे, यात भिण्यासारखं काही नाही, आणि दर मिनिटाला मीच फलकाकडे वळून पाहत होतो. हजारो विमानांचा अंदाज लिहिला, पण खाली उभं राहून वाट पाहायची वेळ कधी आली नव्हती. गोव्याहून निघाल्याचं आलं, उतरल्याचं आलं, मग बऱ्याच वेळाने दारातून ऋतुजा हळूहळू चालत बाहेर आली. हातात रिकामा डबा.

"गोव्यात विमानातच बसवून ठेवलं," ती म्हणाली. "सगळे पोहे संपवले मी. शेजारच्या बाईंनाही दिले."

दाजी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मी दुसरीकडे पाहिलं.

घरी पोचल्यावर त्यांना वाचा फुटली. पडवीत सगळी भावकी जमली होती, नानाही होते. दाजी मोठ्या आवाजात सांगत होते, "ढग आला आन् पाव्हण्यानं वरच्यावर इमान गोव्याला फिरवलं! हितनं, फोनवरनं!"

"अहो दाजी, मी नाही. तो वैमानिकाचा निर्णय असतो."

"बघा, किती साधा माणूस हाय," दाजी नानांना म्हणाले आणि माझ्या तोंडात पेढा कोंबला. म्हणजे हेलिकॉप्टर मी रद्द केलं नव्हतं, त्याच्या शिव्या खाल्ल्या. विमान मी वळवलं नव्हतं, त्याचे पेढे. नोकरीभराचा हिशेब एका पडवीत मिटला. मी पेढा गिळला.

मुलगी झाली. बारशाच्या तयारीला दाजी परवा कन्हेरीला आले. चहा घेतला, दुसरा कप घेतला, तरी उठेनात. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "पाव्हणं, एक इच्यार हाय. नातीला शेळगावला धाडायची, ती हेलिकॉप्टरनं. पण या बारीला आदी तुमास्नी इचारतूय. मग बाकीच्यास्नी. उडवायचं का?"

मी आभाळाकडे पाहिलं. सवयीने वाऱ्याकडे पाठ केली. वारा नव्हताच. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, कुठल्याही समुद्रात काहीही नव्हतं. महिनाभराच्या पोरीच्या कानाशी तो पंखा घरघरणार, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर आलं.

"नाही," मी म्हटलं, आणि पुढच्या वादासाठी दाबाचे, ढगांचे, वाऱ्याचे सगळे मुद्दे मनात गोळा करू लागलो.

दाजींनी कप खाली ठेवला.

"बरं," ते म्हणाले, आणि मोटारसायकलच्या किल्ल्या शोधू लागले.